हिवाळे बाईंचा विरोध

फोन वाजला तेव्हा मी चष्मा शोधत होते आणि चष्मा माझ्या डोक्यावर होता. नातीनं स्क्रीनवरचं नाव वाचून ओरडून सांगितलं, "आजी, हिवाळे बाईंचा फोन!" मला आनंदच झाला. आदल्या संध्याकाळी आमचं भांडण अर्ध्यावर राहिलं होतं. ऐन रंगात आलेलं असताना त्यांच्याकडं पाहुणे आले, आणि "उद्या बोलते, तोवर तुमचे मुद्दे राखून ठेवा, नासायचे न्हाईत" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. मी मुद्दे राखून ठेवले होते. त्यामुळं फोन कानाला लावल्या लावल्या म्हणाले, "बोला हिवाळे बाई, हारल्या का?" पलीकडून उत्तरच येईना. मला वाटलं, चला, एकदाच्या हारल्या. मग त्यांच्या मुलाचा, मिलिंदचा आवाज आला. "मावशी, आई गेली... चहा टाक म्हणली, मी चहा घेऊन गेलो तर..."

पुढं मी काय बोलले ते आठवत नाही. एवढं मात्र आठवतं, की मी बराच वेळ त्या मुद्द्यांचं आता काय करायचं, ह्याच विचारात बसले होते. माणूस गेलं की रडू येतं, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. भांडण घशात अडकून बसतं हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. अंबडला त्यांच्या घरी गेले, त्यांच्या बौद्ध रीतीच्या पुण्यानुमोदनाला पांढरी साडी नेसून बसले, लोक चांगलं चांगलं बोलले, आणि माझ्या मनात एकच... बाई, हे सगळे तुमच्याबद्दल एकमतानं बोलून राह्यलेत, तुम्हाला करमत तरी असेल का?

आमचं भांडण काही शेताच्या बांधाचं नव्हतं. सरकारी शाळेनं पोरांना धंद्याचं शिक्षण द्यावं का, त्यासाठी शाळेची जागा, शाळेचा पैसा आणि शाळेचा मास्तर खर्ची घालावा का, ह्या एका प्रश्नावर आम्ही दोघींनी अर्धं आयुष्य काढलं. मी बाजूनं आणि त्या विरोधात. गंमत अशी, की बाजूनं भाषणं मी ठोकायची आणि प्रत्यक्ष शिकवायच्या विरोधातल्या हिवाळे बाई!

राजूर आणि केदारखेडा ह्यांच्या अधेमधे आमचं गाव आणि गावाच्या कडेला शाळा. मी तिथं मराठी शिकवायची. चाळिशीतली मी कशी होते हे आज आठवलं तरी मला पदर तोंडाला लावावा लागतो. म्हस्क्यांची सून, कडक खळ घातलेली साडी, आणि बोलणं साडीपेक्षा कडक. साधं "खडू द्या" म्हणायचं तर मी "जरा तो शुभ्र खडू इकडे करता का?" असं म्हणायची. शिपाईसुद्धा मला टाळायचा. अशा ह्या शुभ्र खडूसमोर एके दिवशी बदलीवर हिवाळे बाई येऊन बसल्या. विज्ञानाच्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. डब्यातली भाकरी मोडता मोडता पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "म्हस्के बाई, तुम्ही घरी बी अशाच बोलता, का शाळेपुरतं?" मी रागानं त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही. त्या आपल्या रोज माझ्याशी बोलत राहिल्या, मग न बोलण्यात काही मजा राहिली नाही.

आमच्या भागात बियाण्याचे प्लॉट असतात हे जालन्याच्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. भेंडीचं संकरित बियाणं काढायचं तर संध्याकाळी उद्या उमलणारी कळी सोलून तिच्यातला नर, म्हणजे पराग, नखानं काढून टाकायचा आणि कळीवर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग तिच्यावर फिरवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. ह्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. हे काम नाजूक बोटांचं, म्हणून पोरींचं. हंगाम आला की नववी-दहावीच्या वर्गातल्या निम्म्या पोरी प्लॉटवर. मी शब्दांना इस्त्री करून घरोघर गेले. एका ओसरीवर शिक्षणाचं महत्त्व सांगून झाल्यावर त्या घरची बाई शांतपणे म्हणाली, "बराबर हाय बाई तुमचं. मंग असं करा, उद्या सकाळच्याला तुम्ही या प्लॉटवर, म्हंजी आमची पोरगी येती शाळंत." मी घरी आले आणि मला युक्ती सुचली. प्लॉटच शाळेत आणायचा! शाळेमागं पडीक जमीन होती, विहिरीला पाणी होतं, व्यवसाय शिक्षणासाठी वरून अनुदान मिळतं असं ऐकलं होतं. पोरी शाळेतच क्रॉसिंग शिकतील, शाळाही बुडणार नाही, हातालाही काम लागेल. मी इतकी खूश झाले की आरशात बघून स्वतःला नमस्कारच करायची राहिले.

शाळेच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला. हेडमास्तर मान हलवत होते, सरपंच चहा पीत होते, सगळं छान चाललं होतं. हिवाळे बाई म्हणाल्या, "ह्या कोर्साला बसणार कोण?"

"ज्यांना अभ्यासात फारशी गती नाही, अशी मुलं," मी म्हणाले.

"एक-दोन नावं सांगा की."

मला वाटलं त्या मदत करताहेत. मी भराभर नावं सांगितली. सांगताना माझ्या लक्षात आलं नाही, ऐकताना सगळ्यांच्या आलं. सगळी नावं बौद्धवाड्यातली आणि मजुरांच्या आळीतली. सरपंचांनी कप खाली ठेवला. हिवाळे बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपं धरलं, ते मी धरू न्हाई म्हणून. त्यासाठी मला शाळेत घातलं. आता शाळाच खुरपं देणार असंल, तर मंग शाळा कशाला? रान हायेच की."

चाळिशीतली म्हस्के बाई तेव्हा काय म्हणाली असेल? ती म्हणाली, "पण श्रमाला प्रतिष्ठा..." एवढंच. पुढचं वाक्य तिला आलं नाही, कारण हिवाळे बाईंनी तिला थांबवलं. "श्रमाला प्रतिष्ठा हाय ना? मंग सगळ्या नववीला बसवा. एकालाबी सुटी न्हाई. पहिलं नाव तुमच्या वैशूचं लिहा."

वैशू माझी मुलगी. नववीत पहिला नंबर, आणि ती डॉक्टर होणार हे मी तिच्या बारशालाच ठरवलं होतं. मी गडबडले. "वैशूला... तिची शिकवणी असते... तिला मेडिकलला..."

"का? फुलाला हात लावला की डॉक्टर होता येत न्हाई का?"

कोणीतरी खुदकन हसलं. हिवाळे बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आणखी दोन अटी घातल्या. विज्ञान-गणिताचा एकही तास ह्या कोर्सापायी कापायचा नाही, आणि बियाण्याचं जे काही मिळेल ते ज्यांनी काम केलं त्यांच्या हाती पडेल. शिकवण्याच्या नावाखाली फुकटचा घाम घ्यायचा नाही. "एवढं होणार असंल तर करा. तरी माझा विरोधच हाय," असं म्हणून त्या खाली बसल्या. मग हेडमास्तरांनी विचारलं, कळीतलं कळणारं आहे कोण, आणि शिकवणार कोण? सगळ्यांनी हिवाळे बाईंकडं पाहिलं. "मीच शिकवीन," त्या म्हणाल्या. "विरोध हाय म्हणून वाईट शिकवणार न्हाई."

मी घरी येऊन वैशूचं नाव दिल्याचं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी चूल सोडून माझ्याकडं तोंड केलं. "आपल्या प्लॉटवर आपण माणसं लावतो, अन् आपली पोरगी शाळेच्या प्लॉटवर माणूस म्हणून जाणार?" मी नेहमीसारखं अलंकारिक उत्तर शोधत राहिले. सासरे जेवता जेवता म्हणाले, "जाऊ द्या. निदान सुनबाईंचं भाषण घरात कमी होईल." अशा रीतीनं ठराव आमच्या घरातही मंजूर झाला.

पुढची काही वर्षं शाळेत जे चाललं ते आठवलं की मी एकटीच हसते. सकाळी शाळेआधी क्रॉसिंग, शाळा सुटल्यावर टोप्या घालणं, आणि मधे सगळे तास. म्हणजे प्लॉट लहान असला की हंगाम आणि शाळा एकमेकांच्या आड येतच नाहीत, हे मला कधी सुचलं नव्हतं. हिवाळे बाई मात्र आल्यापासून कळ्यांच्या वेळा आणि शाळेचं घड्याळ ताडून बघत होत्या. जोड्या त्या चिठ्ठ्या टाकून लावायच्या. वैशूची जोडी लागली बौद्धवाड्यातल्या संगीताशी. वैशूची बोटं फक्त पानं उलटायला शिकलेली. तिनं सोललेली कळी दुसऱ्या दिवशी मान टाकायची. संगीता तिला म्हणायची, "तू आपली टोप्या घाल बाई, कळ्यांचा जीव घेऊ नको." आणि गणिताच्या तासाला संगीता अडली की वैशूला चेव यायचा. दोघी सारख्याच भांडखोर, म्हणून दोघींचं जमलं.

माझं काम अडथळे आणण्याचं होतं. हिवाळे बाई वर्गात पोरा-पोरींसमोर मोकळ्या आवाजात "हा नर, ही मादी" म्हणतात, हे ऐकून मी व्हरांड्यातच घामाघूम झाले. त्यांना बाजूला घेऊन मी सुचवलं, "जरा सौम्य शब्द वापरता येतील का? पितृपुष्प, मातृपुष्प..." त्यांनी हाताचा खडू झटकला. मग म्हणाल्या, "म्हस्के बाई, तुम्हाला लेकरं कशी झाली हो?" मी पुढं कधी त्या व्हरांड्यातून गेले नाही, मागच्या दारानं जायची.

मग पालकांना बोलावलं त्या दिवसाची गोष्ट. प्रस्ताव मी मांडला म्हणून मी पहिली कळी सोलावी असं ठरलं. मी पदर खोचला, श्रमप्रतिष्ठेवर दोन वाक्यं बोलले, आणि कळी अशी काही सोलली, अशी काही साफ केली, की आत नरही राहिला नाही आणि मादीही. हातात नुसता देठ. मजुरीला जाणाऱ्या आया पदराआड हसायला लागल्या. हिवाळे बाईंनी देठ उंच धरून सगळ्यांना दाखवला. "बघा. बाईंना नर काढा म्हणलं होतं, बाईंनी घरच मोडलं." त्या दिवसापासून गावातल्या बायका माझ्याशी बोलायला लागल्या. त्याआधी नुसत्या ऐकायच्या.

एकदा तर भर दुपारी हिवाळे बाई थेट आमच्या परसात आल्या आणि माझी भेंडीची चार झाडं उपटायला लागल्या. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, माझ्या भेंडीचा पराग उडून, माशीच्या पायाला लागून शाळेच्या प्लॉटवर गेला तर बियाणं भेसळ होणार. मी म्हणाले, "अहो, निदान विचारायचं तरी!" तर म्हणाल्या, "तुमच्या भेंडीनं विचारलं असतं का?" सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी त्या दिवशी हिवाळे बाईंना पहिल्यांदा घरात बोलावलं आणि आपल्या हातानं चहा करून आपल्यासोबत बसवून पाजला. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, माझं काहीतरी उपटणारं माणूस त्यांना आवडलं असावं... चहानंतर मात्र सासूबाई दर हंगामात स्वतःहून निरोप पाठवायच्या, "हिवाळे बाईंना सांग, यंदा परसात गवार लावली हाय."

सगळ्या पोरी शिकल्या आणि सगळ्यांचं सोनं झालं, असं मी लिहिलं तर हिवाळे बाई वरून खडू मारतील. काहींची लग्नं दहावीच्या आत झालीच. काही प्लॉटवरच राहिल्या. संगीता मात्र बारावी झाली, आता केदारखेड्याच्या बाजूला बियाण्यासाठी तिचं स्वतःचं शेडनेट, म्हणजे जाळीचा मांडव आहे आणि शाळेच्या वयाची पोरगी कामाला आली तर ती तिला बाहेरच्या बाहेर शाळेकडं परत लावते. आमच्या वैशूनं डॉक्टरकीचा नाद सोडून बँकेतली नोकरी धरली. तिच्या बाल्कनीत तुळस जगत नाही. मग अनुदान आटलं, हिवाळे बाईंची बदली झाली, प्लॉटवर गाजर गवत माजलं. मी म्हणायची, "बघा, किती चांगलं चाललं होतं." त्या म्हणायच्या, "चांगलं चाललं होतं कारण माझा विरोध होता. तुमच्या बाजूनं सोडलं असतं तर पहिल्या सालीच दोन शाळा झाल्या असत्या, एक भेंडीची अन् एक पुस्तकाची."

आता सरकारी शाळांमधून पुन्हा व्यवसाय शिक्षणाचं वारं आहे. आमच्या शाळेनंही बीजोत्पादनाचा कोर्स नव्यानं मागायचा ठरवलं. मी शाळा समितीवर शिक्षणप्रेमी म्हणून आहे. प्रेम एकतर्फी असलं तरी पद आहे. हिवाळे बाईंनाही जुन्या शिक्षिका म्हणून बैठकीला बोलावलं होतं, आणि त्या यायला तयार होत्या. विरोध करायला. त्या शेवटच्या फोनवर मी त्यांना धरलं. "हिवाळे बाई, अटी तुमच्याच. सगळ्यांना शिकवा म्हणून तुम्हीच म्हणल्या होत्या. आता सगळ्या वर्गाला शिकवू म्हणून राह्यलेत, तरी तुमचं न्हाईच?"

"सगळे कुठं राह्यले आता शाळंत?" त्या म्हणाल्या. "तुमची नात पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळंत जाती. सरपंचाचा नातू बी तिच्याच शेजारी बसून जातो. मागं उरलं कोण, सांगा. सगळ्यांना म्हणून म्हणून तुम्ही पुन्हा त्याच लेकरांच्या हातात खुरपं देऊन राह्यल्या."

"मंग त्यांना काहीच द्यायचं न्हाई? त्यांच्या घरात हातानं पोट भरतं, हे खोटं हाय का?"

"द्या ना. माझी काय ना न्हाई. आधी प्रयोगशाळेचं कुलूप काढा. गणिताला मास्तर न्हाई, तो आणा. त्याच्यावर खर्च करा. मंग लावा भेंडी, मी स्वतः येते टोप्या घालायला..." आणि पाहुणे आले.

बैठक झाली ती त्या गेल्यानंतर. मी ठरवून गेले होते की कोर्साच्या बाजूनं बोलायचं, कारण मला तो हवाच होता, आजही हवा आहे. पण बोलायची वेळच आली नाही. हेडमास्तरांनी ठराव वाचला, एकानं सूचक म्हणून नाव दिलं, एकानं अनुमोदन दिलं, खिडकीतून चहा आला. आमच्याकडं ठराव असाच होतो, लिहिणारा आधीच "सर्वानुमते मंजूर" लिहून मोकळा असतो. सगळे माझ्याच बाजूचे. असं सुख मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि मला ते एक घोटही गिळवेना.

मी म्हणाले, "सर, सर्वानुमते लिहू नका. एक विरोध लिहा."

"कोणाचा?"

"हिवाळे बाईंचा."

हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले, "म्हस्के बाई, त्या तर..."

"त्या गेल्या ते मला माहितीय, मीच तिथं जाऊन आले. मंग माझ्या नावानं लिहा. कारण त्यांचंच लिहा." आणि मी कारण सांगितलं. कुलूप, गणिताची रिकामी जागा, आणि पिवळ्या गाडीत कोण बसतं ते. माझ्या नातीचं नाव मी सगळ्यात आधी घेतलं, म्हणजे सरपंचांना राग यायला जागा राहिली नाही.

सरपंच अवघडून म्हणाले, "काकू, तुम्ही तर ह्या कोर्साच्या पहिल्यापास्नं पाठीशी हायत. वर ठराव गेला अन् त्यात विरोध दिसला, की विचारणा होती. काय केलं म्हणजे मागं घ्याल, ते तरी सांगा."

"तुम्ही कुलूप काढा, गणिताला कोणीतरी नेमा. मंग विरोधाखाली लिहा की हे हे केलं. मागं घ्यायचा अधिकार मला न्हाई. ज्यांचा हाय त्यांनी कधी काही मागं घेतल्याचं कोणाच्या ऐकण्यात हाय का?"

हेडमास्तर हसले, मग सगळेच हसले. जुने लोक तर डोळे पुसत हसले. ठराव विरोधासकट लिहिला गेला. गणितासाठी गावातल्याच एका शिकलेल्या सुनेला विचारायचं ठरलं. ती हो म्हणाली असं परवा कळलं. किल्ली काही सापडली नाही, तेव्हा शिपायानं हातोडी आणली आणि प्रयोगशाळेचं कुलूप त्याच दिवशी तुटलं. आत कोळ्यांची जाळी, कपाटात उलट्या ठेवलेल्या परीक्षानळ्या, फळ्यावर कोणी तरी कधी काळी काढलेली फुलाची आकृती अर्धवट पुसलेली. हिवाळे बाईंच्या हातची होती का? नसावी. त्या फळा पुसल्याशिवाय वर्ग सोडत नसत. पण खोलीत उभं राहिल्यावर मला बरं वाटलं. ह्या खोलीत मी फारशी कधी आले नव्हते. नर-मादीच्या भीतीनं बाहेरूनच जायची.

नवीन विज्ञान शिक्षिका, प्रियंका, माझ्यामागोमाग आत आली. पोरगी चुणचुणीत आहे, लातूरकडची. खिडकी उघडत म्हणाली, "बाई, मला कळलं नाही. तुम्ही कोर्साच्या बाजूनं आहात का विरोधात?"

"बाजूनं," मी म्हणाले, आणि हाती लागलेल्या स्टुलावर बसून त्या शेवटच्या फोनपासून राखून ठेवलेले माझे सगळे मुद्दे तिला एकेक करून सांगितले. हाताला काम लागलं की पोरी टिकतात, फुलातून विज्ञान कळतं, घरच्यांनाही शाळा आपली वाटते... सगळे. घसा कोरडा होईपर्यंत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. टेबलावरची धूळ फुंकली. मग म्हणाली, "पण बाई, त्यातलं एक मला बिलकुल पटलं नाही."

मी स्टूल पुढं ओढलं. "बोला," म्हणाले.